चप्पल बाहेर

माझे वडील टूलरूममधून निवृत्त झाले तेव्हा त्यांची दहाही बोटं जागच्या जागी होती, आणि या गोष्टीचा त्यांना ग्रॅच्युइटीपेक्षा जास्त अभिमान होता. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर त्यांनी दोन्ही पंजे वर करून सगळ्यांना दाखवले. टाळ्या कडाडल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे हे मला कळेना. मग पुढच्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे लक्ष गेलं. एका हाताला अंगठ्याचं पेर नव्हतं, दुसऱ्याला दोन बोटं अर्धी होती.

पूर्व उपनगरांचा हा पट्टा तेव्हा भोंग्यांवर चालायचा. विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला सिएट, मुलुंडला जॉन्सन, आणि मधल्या फटींत लहानमोठी इंजिनिअरिंगची शेडं. एल.बी.एस. मार्गाला आमच्या घरात आग्रा रोडच म्हणत. त्याच रस्त्यावर मुलुंडला रॅलीवुल्फचा कारखाना होता. रॅलीज आणि विलायतेतली वुल्फ यांच्या भागीदारीतला. तिथे विजेवर चालणारी हत्यारं तयार होत. बाबा तिथे कामाला नव्हते, पण 1984 सालच्या दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी ड्रिल मशीन घेतलं ते रॅलीवुल्फचंच. आपल्या गावचं मशीन असं कौतुक. विकत घ्यायला मात्र गाडीने मशीद बंदरला उतरून नागदेवीला गेले, कारण हत्यार नागदेवीहूनच आणायचं असतं अशी त्या पिढीची श्रद्धा.

अख्ख्या बिल्डिंगमध्ये ते एकच ड्रिल. तोवर भिंतीला भोक पाडायचं म्हणजे जंपर आणि हातोडी, मग त्या भोकात लाकडी गिट्टी ठोकायची आणि त्यात स्क्रू पिळायचा. कालनिर्णय टांगायला नुसता खिळा पुरायचा, पडद्याच्या रॉडला नाही. त्यामुळे बाबांकडे रांग लागली. पण त्यांचा दंडक असा की ड्रिल उसनं मिळत नसे, ड्रिलबरोबर बाबा येत. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू एकदा म्हणाल्या, "अहो, नुसतं मशीन द्या ना, आमचा बंडू करेल." बाबा म्हणाले, "बंडू करेलच, मशीन पण करेल. कोण कुणाला करेल ते सांगता येत नाही." काकूंना ते झोंबलं आणि गणपतीपर्यंत बोलणं बंद होतं.

बाबांचा एक विधी असे. आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवायची. मग स्विचबोर्डकडे बघायचं आणि तिथून वर, खाली, आडवी अशी नजर ओढायची. बोर्डाच्या सरळ रेषेत कधीही भोक नाही. आमच्या घरात वायरिंग लाकडी पट्टीवरून उघडं जायचं, चार बोटं रुंद, पांढऱ्या ऑइलपेंटखाली दबलेलं, त्यामुळे वीज कुठून कुठे जाते हे शेंबड्या पोरालाही दिसायचं. आता ती प्लास्टरच्या आत गेली आहे. भिंत छान दिसते आणि काहीच सांगत नाही. बोरिवलीच्या माझ्या आतेभावाने मागे ऑनलाइन मागवलेल्या शंभर नगांच्या किटमधलं ड्रिल काढून न्हाणीघरात टॉवेलचा दांडा बसवायला घेतला आणि पहिल्याच भोकात गीझरचा पाइप गाठला. फवारा त्याच्या तोंडावर आला. पाणीच लागलं म्हणून आम्ही अजून त्यावर हसू शकतो.

विधीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग चावीचा. ड्रिलच्या तोंडात, म्हणजे चकमध्ये, बिट आवळायला दातेरी चावी लागते. बिट आवळून चावी तशीच राहिली आणि खटका दाबला गेला, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. कंपनीने चावी अडकवायला मशीनपाशी रबराचं कडं दिलं होतं. बाबांनी ती तिथून काढली आणि सुतळीने वायरच्या पार दुसऱ्या टोकाला, प्लगला खेटून बांधली. सुतळी आखूड. चावी चकपर्यंत न्यायची तर प्लग सॉकेटमधून काढावाच लागायचा. त्यांनी मला कधी "आधी प्लग काढ" असं सांगितलंच नाही. सुतळी सांगायची. सुरक्षेवरची पुष्कळ पत्रकं पुढे मी वाचली, ऑफिसात वाटलीसुद्धा, पण त्या वीतभर सुतळीइतकं शहाणं मला त्यात काही सापडलं नाही.

बाराव्या वर्षी माझ्या पुस्तकांच्या फळीसाठी पहिलं भोक मी पाडलं. वेणी वर बांधून पिना लावल्या, बांगड्या काढल्या, ओढणी आईकडे दिली. मनगटावर गणपतीतला लाल दोरा होता. बाबांनी तो कात्रीने कापला, आई हं हं करेपर्यंत. मी आईचे ओव्हनचे हातमोजे घालून आले होते, तेही काढायला लावले. फिरत्या बिटाला सैल कापड सापडलं की ते हात आत ओढून घेतं, उघडा हात निदान सुटतो. डोळ्यांवर त्यांचा कारखान्यातला गॉगल आला, नाकावरून घसरणारा. "दाबू नको. टेक. तो जाईल." आणि तो गेला. विटेची तांबडी भुकटी खाली धरलेल्या पोस्टाच्या पाकिटात पडत होती आणि मला वाटत होतं की माझ्या हातात माझ्यापेक्षा मोठं काहीतरी आहे.

होतंही. सुताराचा जुना सामता दोरीने फिरतो, गिरमिट मनगटाने. हात थांबला की हत्यार थांबतं, माणूस दमला की तेही दमतं. विजेने ही सोयरीक मोडली. 1895 मध्ये श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरता येईल असं विजेचं ड्रिल केलं, 1917 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं, आणि तेव्हापासून ज्याच्या हातात ते जातं त्याला आधी ते झाडून बघावंसं वाटतं. आतेभावाने तेच केलं होतं.

दसऱ्याला ड्रिल पुसून पाटावर यायचं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, शेजारी आईची विळी. पूजा झाल्यावर दिवसभर त्याला हात लावायचा नाही. 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, बाबा शर्टाला हिरवा बिल्ला लावून यायचे आणि तो बिल्ला त्याच ड्रिलच्या पेटीत टाकायचे. पेटीत असे वीसेक बिल्ले साठले होते.

हे सगळं सांगते आहे ते मला मिळालेली शिकवण किती पक्की होती हे कळावं म्हणून. कारण पुढे जे झालं त्यात ही शिकवण काहीच कामी आली नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी आमची इमारत पुनर्विकासात पडली आणि आम्हाला बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. आई-बाबा तेव्हा अजून मुलुंड पूर्वेला भाड्याच्या जागेत होते. नव्या घरात फर्निचरचं काम काढलं. मिस्त्री आझमगडकडचा, बरोबर त्याचा भाचा, विशीच्या आतला. सोसायटीची नोटीस लिफ्टमध्ये चिकटवलेली होतीच: ठोकाठोक सकाळी दहा ते एक, चार ते सहा, दुपारी दोन ते चार आवाज बंद, रविवारी पूर्ण बंद. या नोटिशीत शेजाऱ्यांच्या कानांची, लिफ्टच्या आरशाची, डेब्रिजच्या गोण्यांची सगळी काळजी होती. गोण्या उचलणाऱ्याबद्दल एक ओळ नव्हती. मला ते तेव्हा खटकलं नाही, हे लिहून ठेवते.

पहिल्याच दिवशी मिस्त्री आत पाऊल टाकायला लागला तेव्हा मी म्हणाले, "चप्पल बाहर." आपण सगळेच म्हणतो. नवी पांढरी फरशी होती, शिवाय देवांची जागा ठरली होती. त्याने आणि भाच्याने चपला लॉबीत काढल्या, भिंतीला लावून, जोडीने. मी चहा ठेवला.

त्यानंतरचे दोन महिने मी जे बघितलं ते तुम्हीही बघितलं असेल. कटरच्या वायरला टॉप, म्हणजे प्लग, नाही. दोन्ही टोकं सोलून सॉकेटच्या भोकांत घातलेली आणि वर आगपेटीच्या काड्या खुपसलेल्या. मधे वायरला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी. मशीनवर एकात एक दोन चौकोनांची खूण होती. ती असलेल्या मशीनला दुहेरी इन्सुलेशन असतं, म्हणून अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही. पण ही खूण कंपनीतून निघालेल्या मशीनला असते, चिकटपट्टीला नसते. ग्राइंडरचं गार्ड काढून टाकलेलं, कारण त्यावर लाकूड कापायचं दातेरी पातं चढवलं होतं आणि ते गार्डात मावत नव्हतं. मावत नाही याचाच अर्थ ते त्या मशीनचं नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेरे घेतो. हिशेब केला तर त्याच्या चकतीची कडा ताशी 200 किलोमीटरच्या पुढे धावत असते. आपली कर्जत फास्ट मोकळ्या रुळांवर ताशी शंभरच्या आसपास जाते, ही त्याच्या दुप्पट, आणि माणसाच्या पोटापासून हातभर अंतरावर. मोठ्या पात्याला एवढा वेग झेपेलच असं नाही. किती झेपतो ते पात्यावर छापलेलं असतं. राळेत बांधलेल्या, घासून कापणाऱ्या चकत्यांवर तर मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदतही छापलेली असते, औषधाच्या बाटलीसारखी.

हे सगळं मला ठाऊक होतं. बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं. मी एकदा म्हणाले, "गार्ड लगाओ ना." मिस्त्री हसून म्हणाला, "आदत है, दीदी." मी आतल्या खोलीत गेले आणि लॅपटॉप उघडला. माझ्या हातात ड्रिल असतं तर वायरीचा तो तुकडा मी दारात येऊ दिला नसता.

एका शनिवारी सकाळी कामवाल्या मावशींनी हॉलची फरशी पुसली होती. अकराच्या सुमारास घरातलं सगळं एकदम बंद पडलं. पंखा, फ्रिज, कटर. मी बाहेर आले तर भाचा भिंतीला टेकून उभा, उजवा हात डाव्या हातात धरून. "झनझनाया," म्हणाला आणि हसला. हसला कारण मालकीणबाई समोर होत्या. मिस्त्री डीबीपाशी, म्हणजे विजेच्या मुख्य डब्यापाशी, जाऊन बोट दाखवत होता: "ये ईएलसीबी बार बार गिरता है. इसको डायरेक्ट कर दूँ? काम रुकता है."

त्या डब्यात काय होतं ते सांगितलं पाहिजे. जुन्या घरी किटकॅट फ्यूज होते. तार वितळायची, वायर वाचायची. आताचे एमसीबीही मुख्यतः वायरच वाचवतात. 16 अँपियरचा एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपियर वाहून नेल्यावरही ढिम्म. माणसाला मारायला याच्या कितीतरी खालचा प्रवाह पुरतो. ईएलसीबी म्हणतात त्याची गोष्ट निराळी. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून बघतो. 30 मिलिअँपियरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत उतरते आहे, की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं तोडतो. घरच्या डब्यात माणसाच्या बाजूचा असा तो एकटाच. आणि तोच सगळ्यात आधी डायरेक्ट केला जातो, कारण तो कामात अडथळा आणतो.

मी बाबांना फोन लावला. ते तेव्हा चौऱ्याऐंशीचे, ऐकू कमी येणारे. मी सगळं सांगितलं, काड्या, चिकटपट्टी, ओली फरशी. मला वाटलं ते मिस्त्रीवर भडकतील. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या पायात काय आहे?"

मी बघितलं. काही नव्हतं. ओली फरशी आणि अनवाणी पाय. चपला लॉबीत होत्या, भिंतीला लावून, जोडीने.

"त्याला सांगितलं कुणी काढायला?"

कारखान्यात बाबांच्या पायात बूट होते ते कुणाच्या दयेने नव्हते. 1948 च्या कारखाना कायद्यात फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याचं कलम होतं, डोळ्यांच्या संरक्षणाचं निराळं होतं, यंत्रावर काम करणाऱ्याच्या कपड्यांचंही होतं. पण कारखाना म्हणायला विजेवर चालणाऱ्या जागी मूळ कायद्यात दहा माणसं लागत. माझ्या हॉलमध्ये दोनच होती. बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये जो स्वतंत्र कायदा झाला, त्यातूनही स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम काढणारा घरमालक वगळलेला होता. म्हणजे आग्रा रोडच्या शेडमध्ये माणसाच्या बोटांवर जेवढे डोळे होते, तेवढे माझ्या हॉलमध्ये नव्हते. ती शेडं गेली, त्यांच्या जागी टॉवर आले, आणि टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर तेच ग्राइंडर फिरतंय, गार्डाशिवाय. तिथे सेफ्टी ऑफिसर मी होते आणि मी आतल्या खोलीत मेल लिहीत होते.

त्या दिवशी काम बंद ठेवलं. पाच रस्त्याजवळच्या दुकानातून तीन टॉप, नवी वायर आणि दोन गॉगल आणले. टॉप मी स्वतः बसवले. मिस्त्री बघत बसला, मग त्याने स्क्रू ड्रायव्हर हातातून घेतला आणि माझ्यापेक्षा नीट बसवला. त्याला येत नव्हतं असं काही नव्हतं. दातेरी पातं काढून टाकलं. लाकूड कापायला दुसऱ्या साइटवरचं त्याचं स्वतःचं गोल करवतीचं मशीन आणायला सांगितलं, टेम्पोचे पैसे मी देईन म्हणाले. तेव्हा तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. गॉगलवर वाफ धरते, गार्ड लावला की पट्टीची खूण दिसत नाही, प्रत्येक गोष्टीला वेळ जातो. "और दीदी, काम तो ठेके पे है."

हे खरं होतं आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्वेअर फुटावर पैसे ठरवायचे आणि वर "सावकाश करा, जपून करा" म्हणायचं, म्हणजे त्याने माझ्या मनःशांतीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालायचे. उरलेलं काम आम्ही रोजावर ठरवलं. नवऱ्याने हिशेब करून दाखवला की अठरा दिवसांचं काम चोवीस दिवसांवर जाईल. सव्वीसवर गेलं. महागात पडलं का? पडलं. किचनची ट्रॉली त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी झाली.

बुटांचा प्रश्न आईपाशी अडला. घरात बूट? देवघराच्या शेजारी? बाबांनी काही समजावलं नाही, फक्त आपले जुने कॅनव्हासचे बंद बूट पिशवीत घालून रिक्षाने पाठवून दिले. ते भाच्याला बरोबर बसले. मिस्त्रीसाठी मी नवा जोड आणला, जाड रबरी तळाचा. आईने नंतर येऊन फरशीवरचे ठसे बघितले, पदर खोचला आणि म्हणाली, "पुसलं की जातं."

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी दोन सूचना मांडल्या. एक, काम सुरू करण्याआधी फ्लॅटच्या ईएलसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून तो पडतो का हे बघायचं. दोन, सोलून खुपसलेल्या वायरीचं मशीन लिफ्टमधून वर जाऊ द्यायचं नाही. पहिली मंजूर झाली. दुसरीवर एक गृहस्थ म्हणाले की आपण त्यांना पैसे देतो, ते त्यांचं बघतील. इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच आलं.

बाबा आता नाहीत. रॅलीवुल्फचं ड्रिल आहे, चालतं. नव्या भिंती वीट-प्लास्टरच्या नाहीत, मिवान शटरिंगच्या, सगळं ओतीव काँक्रीट. त्यात ते म्हातारं मशीन नुसतं तापतं, सळईला लागलं तर मनगट पिरगाळेल अशी भीती वाटते. त्यामुळे ते दसऱ्याला पाटावर येतं आणि एरवी पेटीत असतं, बिल्ल्यांच्या शेजारी. सुतळी दोनदा बदलली, चावी प्लगपाशीच आहे.

दाराशी चपलांच्या कपाटात खालच्या खणात बंद बुटांचे दोन जोड कायमचे ठेवलेले आहेत, आठ नंबर आणि नऊ नंबर. त्यांच्यावर धुतलेले मोजे. परवा एसी बसवायला आलेल्या मुलाने दारात चपला काढल्या, मी बूट पुढे केले. त्याचा पाय दहा नंबरचा निघाला. मागची बाजू चेपून त्याने नऊचेच घातले. दहाचा जोड आणायचा आहे.